आत्याबाईला मिशा असत्या तर…

कुर्डुवाडी हे माझं आजोळ. मामा तिथल्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यांच्या हाताखालून आधी नॅरोगेजचे डबे गेले, मग ब्रॉडगेजच्या वाघिणी. मी पुण्यात डिझाइनच्या विद्यार्थ्यांना शिकवते. यंदा तिसऱ्या वर्षाचा ‘स्पेक्युलेटिव्ह डिझाइन’ हा विषय माझ्याकडे आला. त्याला मराठीत मी ‘जर-तरची रचना’ म्हणते. वर्गाला काम दिलं होतं : 2060 साली सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात एखाद्या घरात असेल अशी एक वस्तू तयार करा. तपासायचे तक्ते आणि वस्तू पिशवीत भरून मी दिवाळीला आजोळी आले. ओसरीवर पिशवी उघडली आणि मामांनी चष्मा लावला. पुढचं बोलणं जसं आठवतं तसं लिहिलं आहे.

मामा : हे काय काढलंय पोरानं? नळ दिसतोय, पण खाली वाटीसारखं काहीतरी आहे.

मी : 2060 सालचा नळ आहे तो. वाटीत अंगातला घाम जमा करायचा. जेवढा घाम, तेवढं पाणी सुटतं.

मामा : चालतो का?

मी : नाही. तो चालवण्यासाठी केलेलाच नाही.

मामा : मग मार्क कशाचे देतीस? आम्ही आयटीआयला होतो तेव्हा पहिले कित्येक दिवस नुसता लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासत होतो. मास्तर येऊन गुण्या लावायचे. ठोकळा आणि गुण्या यांच्या फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासा. तुमच्याकडं उजेड कुठनं बघायचा?

मी : आमच्याकडं प्रश्न बघायचा. नळ बघून माणसाच्या मनात काय येतं? पाणी कष्टावर मिळावं की गरजेवर? ज्याला घामच येत नाही त्या म्हाताऱ्यानं काय करायचं?

मामा : अगं, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! आता विद्यापीठात म्हणीवर पदवी मिळती म्हण की.

मी : जवळपास तसंच आहे, मामा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन आणि फिओना रेबी ही जोडी शिकवायची. डिझाइन म्हणजे अडचण सोडवणं, असं सगळीकडं शिकवतात. यांचं म्हणणं असं की आधी अडचण शोधावी, ती कुणाची आहे ते विचारावं आणि जे अजून नाही त्याची वस्तू करून लोकांपुढं ठेवावी, म्हणजे लोक त्यावर भांडतील. 2013 साली त्यांचं ‘स्पेक्युलेटिव्ह एव्हरीथिंग’ हे पुस्तक आलं आणि जगभरच्या डिझाइन शाळांत हा विषय पसरला. त्यात एक आकृती आहे. रात्री इंजिनाचा हेडलाइट पडतो ना, तशी. मधोमध प्रखर उजेडात जे दिसतं ते बहुतेक होणारच. कडेला अंधुक आहे ते होऊ शकतं. अगदी काठावरचं, झालं तर होईल. आणि या सगळ्यात एक पट्टा असतो, आपल्याला हव्या असलेल्या उद्याचा.

मामा : ‘आपल्याला’ म्हणजे कुणाला?

मी : त्याच जागी सगळं भांडण आहे.

मामा : बरं, परदेशातली एखादी चांगली वस्तू सांग. पोरांचं राहू दे.

मी : अनब जैन म्हणून एक डिझायनर आहे. शिकली अहमदाबादच्या एनआयडीत, काम करते लंडनला. तिच्या सुपरफ्लक्स या संस्थेनं 2017 साली बार्सिलोनाच्या प्रदर्शनात 2050 सालचा लंडनमधला एक फ्लॅट उभा केला. हवामान बिघडलंय, बाजारात अन्न मिळत नाही, म्हणून घरातच रॅकवर, धुक्यावर भाज्या वाढवल्यात. लोक आत शिरायचे आणि आपलं घर असं झालं तर काय, म्हणून गप्प व्हायचे.

मामा : बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. अमेरिकेतली लाल मिलो रेशनला यायची, तिच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या. आई खडी फोडायला जायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. बाजारात अन्न नसलं की घर कसं दिसतं ते बघायला आम्हाला तिकीट काढावं लागलं नाही. त्यांचं 2050 आमच्याकडं 1972 लाच होऊन गेलं.

मी : हीच टीका अशा कामांवर झाली आहे, मामा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं ‘डिझाइन आणि हिंसा’ या विषयावर एक उपक्रम केला. त्यात एक कल्पना होती : अन्नटंचाईमुळं सरकार प्रत्येकाच्या कामाप्रमाणं त्याचा आहार ठरवून देतं. त्यावर दुसऱ्या देशांतल्या डिझायनरांनी विचारलं, तुम्ही ज्याला भयाण भविष्य म्हणता ते किती लोकांचं आजचं जगणं आहे, याची तुम्हाला कल्पना आहे का? ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनाच उपासमार ही कल्पना वाटते.

मामा : मग चुकीचा विषय आहे, सोडून दे.

मी : सोडत नाही. त्याची चूक एवढीच की विचारणारी माणसं एकाच खोलीतली होती. प्रश्न चुकीचा नव्हता. आणि मामा, तुमचं गाव तरी कशावर उभं आहे? एका जर-तरवरच ना?

मामा : कुठल्या?

मी : बार्शी लाईट रेल्वेच्या! एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा जीआयपी रेल्वेतला इंजिनिअर. बार्शीचा कापूस आणि गळिताची धान्यं बैलगाड्यांतून इथं, तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनला यायची. हा म्हणाला, रूळ अरुंद आणि हलके टाकले, पण गाडी मोठी ठेवली तर?

मामा : ती मला शिकवू नको. अडीच फुटी गेज, म्हणजे 762 मिलिमीटर. आणि त्याची खरी अक्कल गेजमध्ये नव्हती. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठल्याच एक्सलवर पाच टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही. वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं की हलका रूळ मोडत नाही, खर्च कमी होतो आणि माल तेवढाच जातो. 1895 ला कंपनी झाली, 1897 ला गाडी धावली. नंतर पंढरपूर, लातूर, शेवटी 1927 ला मिरज. पण त्यानं गाडी भारतात आणायच्या आधी लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून चालवून दाखवली. बघायला येणाऱ्याला त्यानं तुमच्यासारखं ‘प्रश्न बघा’ म्हटलं नाही, वजन टाकून दाखवलं. पोरी, चित्रात आणि ड्रॉइंगमध्ये फरक असतो. ड्रॉइंगला माप असतं.

मी : मान्य. पण माप असलं म्हणजे भागतं का? त्याच कॅल्थ्रॉपची पुढची गोष्ट ऐका. 1910 साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला. कॅल्थ्रॉप कामाला लागला. विमान हवेत निकामी झालं तर माणूस कसा वाचेल? त्यानं ‘गार्डियन एंजल’ नावाचा पॅराशूट केला. माप होतं, चाचण्या झाल्या, चालला. तरी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं तो आपल्या वैमानिकांना दिला नाही. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला मात्र वापरला. वस्तू चालते का, हा प्रश्न सुटला होता. कुणाचा जीव वाचवायचा हे कोण ठरवणार, तो सुटला नव्हता. तो कानशीनं घासून सुटत नाही.

(मामांनी यावर उत्तर दिलं नाही. चहा घेऊन मामी आल्या आणि त्यांनी घामाच्या नळाचा तक्ता उचलून पाहिला.)

मामी : या नळापाशी भांडी घासायची कुणी? तेवढा घाम कुणाचा जातो म्हणे?

मी : पोरानं काढलं नाही, मामी.

मामी : नाहीच काढायचा. चित्रात कधी खरकटं नसतंच.

मामा : हिचा प्रश्न लिहून घे. माझा पण घे. बार्शी लाईट आली तेव्हा बैलगाडीवाल्यांचं काय झालं? ब्रॉडगेज झाली तेव्हा नॅरोगेजच्या डब्यात हात मुरलेल्या माणसांचं काय झालं? इथं दोन गेजच्या मध्ये माल उतरवून चढवणाऱ्या हमालांची पोटं त्या फरकावर चालायची. रूळ एक झाला, प्रवाशाची सोय झाली, चांगलंच झालं. पण उद्या कुणाचा तरी आला की कुणाचा तरी गेलेला असतो. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या पळसदेवचं देऊळ वर येतं, बघितलंयस ना? त्या गावांनी आपलं कालचं दिलं म्हणून आमच्याकडं ऊस आहे. तुझ्या पोरांच्या तक्त्यावर कुणी काय दिलं ते कुठंय?

मी : नाही, आणि ती माझी चूक आहे. आणखी एक कबुली देते. सोलापूर म्हटल्याबरोबर जवळजवळ सगळ्यांनी भेगाळलेली जमीन काढली. पूर कुणीच काढला नाही.

मामा : 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीनं या तालुक्यातली गावं पाण्यात घातली. उभं पीक गेलं, मातीसुद्धा खरवडून गेली. तुमची कल्पना वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोवर चालती तर.

मी : म्हणून तर शिकवायला हवी. कल्पना आपोआप येते असं आपण धरून चालतो. येते ती दुसऱ्याची उसनी येते. आणि ही विद्या लंडनहून आलीय असं समजू नका. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी सरकारला सांगितलं की पलटणीतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून बांध घालून घ्या, पावसाचं पाणी आधी शेतात मुरू द्या आणि मग ओढ्याला जाऊ द्या. शिपायाच्या हातात कुदळ! त्या काळी हा जर-तरच होता. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांच्या मागं 1891 साली छापला गेला. त्यात तर त्यांनी एक घर उभं केलंय. बाई बुद्धाचा धर्म पाळते, नवरा ख्रिस्ताचा, मुलगी इस्लाम आणि मुलगा सत्यधर्म. सगळी एका छपराखाली, एकमेकांचा हेवा न करता. सुपरफ्लक्सच्या फ्लॅटच्या सव्वाशे वर्षं आधी पुण्यात बसून केलेलं हे घर आहे.

मामा : घर कागदावर केलं, पण जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खरोखर खुला केला. नुसतं कागदावर थांबले असते तर तू आज त्यांचं नाव काढलं नसतंस. विलासराव साळुंखेंचं बघ. बाहत्तरच्या दुष्काळानंतर, 1974 ला पुरंदरमधल्या नायगावला त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणसामागं अर्धा एकर, घरामागं फार तर अडीच. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. आणि उसाला पाणी नाही. त्यांनी पोस्टर नाही लावलं, नियम केला.

मी : तोच तर माझा मुद्दा! नियम हीसुद्धा रचना आहे. जमीन नसलेल्या माणसाला पाण्याचा हक्क, हे त्यांच्या आधी कुणाच्या डोक्यात बसत नव्हतं. ते आधी मनात घडलं आणि मग पाटाला आलं. मामा, तुमच्या दोन एकरांत ऊस आहे. उद्या कुर्डुवाडीत माणशी पाणी झालं तर तुमचं काय?

मामा : … माझा ऊस जाईल.

मी : तुम्हाला आत्ता जे वाटलं ना, ते मला वर्गात वाटायला लावायचंय. व्याख्यान देऊन ते होत नाही.

मामा : ते वाटायला मला घामाचा नळ लागला नाही, अर्ध्या एकराचा आकडा लागला. तुझ्या पिशवीत माप असलेली एक तरी वस्तू आहे का? आहे तर दाखव.

(पिशवीत तळाशी एक साडी होती. बार्शीकडच्या एका मुलीनं केलेली. तिनं सोलापुरात मागावर पदराचा तुकडा विणून घेतला होता आणि तो साध्या सुती साडीला जोडला होता. मी ती घडी मामांच्या मांडीवर ठेवली. पदरावर नक्षीच्या जागी अक्षरं होती : गट नंबरची जागा रिकामी आणि त्यापुढं ‘क्षेत्र 0 हेक्टर 81 आर’.)

मामा : 81 आर. म्हणजे दोन एकर.

मी : मुलीनं सोबत दोनच ओळी लिहिल्यात. 2060 साली असा कायदा आहे की हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला भावानं साडी-चोळी केली, तर सोडलेली जमीन त्या साडीच्या पदरावर विणलेली असली पाहिजे. आणि बहिणीनं प्रत्येक लग्नात तीच साडी नेसायची.

मामा : हे कोण म्हणतं?

मी : जर-तर आहे, मामा. तुमचीच म्हण आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. मी पहिल्या तासाला वर्गाला हेच विचारते : आत्या काका झाली तर तिला असं काय मिळेल, जे आत्या म्हणून मिळत नाही? पोरं थोडा वेळ हसतात. मग कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं, जमीन. 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळलं. 2005 साली देशभरचा कायदा आला आणि ती अटही गेली. म्हणजे मिशा नसतानाही आत्या काका झाली. कागदावर. तुमच्या पोरांची आत्या म्हणजे माझी आई, मामा. आजोबा 2008 ला गेले. 2009 ला तिनं हक्कसोड लिहून दिलं.

मामा : तिनं स्वतः सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही.

मी : नाही केली. माहेर तुटू नये म्हणून केली, असं ती सांगते. तुम्ही तिला साडी-चोळी केली होती. मोरपंखी. ती तिनं अजून ठेवलीय.

(बराच वेळ कुणी बोललं नाही. मामीनं पदर हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं.)

मामी : दोन एकर नेसून बाई कुठल्या लग्नाला जाईल?

मामा : पोरी, तुझा धंदा वाईट आहे. दुसऱ्याच्या घरात शिरतो म्हणतो आणि आपल्याच घरात येऊन बसतो. या मुलीला किती मार्क दिलेस?

मी : अजून दिले नाहीत.

मामा : हिनं माप धरलंय. गुण्या लावला तरी उजेड दिसत नाही. पण बाकीच्यांना पास करताना हात आखडता घे. आणि पुढचं काम देताना माझ्या दोन अटी घाल. एक, वस्तूवर माप पाहिजे. किती पाणी, किती जमीन, किती तास, किती पैसे, जे असेल ते. दुसरी, वस्तू करून झाली की पुण्याच्या प्रदर्शनात ठेवायच्या आधी इथं आणायची. एसटी स्टँडवर ठेवा, नाहीतर आठवडी बाजारात. ज्यांचा उद्या तुम्ही काढता, त्यांना आज बघू दे. लोक शिव्या देतील, त्या पण तक्त्यावर लिहायच्या.

मी : आणि मामींची?

मामा : हिची तिसरी. चित्रात खरकटं पाहिजे.

त्या दिवशी आम्हा दोघांना एकमेकांचं पूर्ण पटलं असं नाही. मामांना अजूनही वाटतं की माझ्या विषयात निम्मं फुकटचं आहे आणि घामाच्या नळाला नापास करायला हवं होतं. मला वाटतं, तो नळ नसता तर त्या वर्गात ती साडीही झाली नसती. पोरं चुकीच्या कल्पनांतून वाट काढत खऱ्या कल्पनेपाशी येतात आणि त्यासाठी त्यांना वेळ द्यावा लागतो. पण एक मात्र मी पुण्याला परतताना मान्य केलं. जर-तर विचारायला धाडस लागतं, असं आम्ही वर्गात सांगतो. जर-तरचं माप काढून ते ज्याचं त्याच्यासमोर ठेवायला जास्त लागतं. माझ्या अभ्यासक्रमात ते नव्हतं.

पुढच्या कामात तिन्ही अटी घातल्या आहेत. वर्ग फेब्रुवारीत कुर्डुवाडीला येतो आहे. बार्शीकडच्या मुलीला मी सर्वाधिक गुण दिले आणि साडी तिला परत केली.

आईचं नाव मामांच्या सातबाऱ्यावर नाही.